परदेशी व्यापार करार आणि आपला शेतमाल: शुल्क शून्य झालं की दारं खरंच उघडतात का?

द्राक्षवेल_निफाड | १२ ऑक्टोबर २०२५

नमस्कार मंडळी. ऑक्टोबर छाटणी उरकत आली. मे महिन्यापासून पावसानं उसंत दिली नाही, त्यामुळे काडीत घड किती निघणार याची यंदा सगळ्यांनाच धास्ती आहे. तरी टपरीवर चर्चा करारांची. २४ जुलैला ब्रिटनशी करारावर सही झाली. या महिन्याच्या १ तारखेपासून स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन यांच्याशी केलेला करार लागू झाला. युरोपियन युनियनशी २००७ ला सुरू झालेली, २०१३ ला अडकलेली आणि २०२२ ला पुन्हा धरलेली बोलणी या ऑक्टोबर २०२५ मध्येही चालूच आहेत. जो तो म्हणतो, 'ड्युटी जाणार, द्राक्षाला भाव येणार.'

मला हे पटत नाही, म्हणून धागा काढला.

युरोपात आपल्या द्राक्षांवर हंगामात साधारण ८ टक्के शुल्क आहे. ते गेलं तर आनंदच आहे. पण २०१० साली आमच्या भागाचं कंबरडं मोडलं ते शुल्कानं नव्हे. त्या वर्षी युरोपात पोहोचलेल्या मालात सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. काढणी संपल्यावरच्या खरड छाटणीनंतर वेलीची शेंड्याकडची वाढ रोखायला ते सर्रास वापरलं जायचं. तिकडची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम, आणि आपल्याकडे ज्या रसायनांची तपासणी व्हायची त्या यादीत ते नव्हतंच. कंटेनर रॉटरडॅम आणि हॅम्बुर्गला अडकले. इथल्या प्रयोगशाळेचा दाखला हातात असलेल्या शेतकऱ्याचे पैसे बुडाले. ८ टक्के शुल्क भरून माल विकला जातो, पण परत पाठवलेला माल कुणी विकत घेत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की करारातलं शुल्काचं पान सगळे वाचतात आणि शेतकऱ्याचं भवितव्य दुसऱ्याच पानांवर ठरतं: फळात राहणाऱ्या औषधांच्या अवशेषांच्या मर्यादा, कीडमुक्तीच्या अटी, एकमेकांच्या प्रयोगशाळांना मान्यता, वाणांचे हक्क. ही बोलणी होतात तेव्हा बागायतदारांचा माणूस खोलीत असतो का? तुमचे अनुभव सांगा. फक्त द्राक्षाचेच नकोत. आंबा, संत्री, कांदा, काजू, आणि बाहेरच्या देशांतलंही कुणाला माहीत असेल तर जरूर लिहा.

---

रॉटरडॅमकर | १२ ऑक्टोबर

दादा, फळांच्या आयातीच्या धंद्यात इथे नोकरी करतो, म्हणून थोडं उलट बोलतो. शुल्क तुम्ही समजता तेवढं किरकोळ नाही.

जानेवारी ते एप्रिल या काळात आपल्या द्राक्षांसमोर इथे दक्षिण आफ्रिका आणि चिली उभे असतात, सुरुवातीच्या आठवड्यांत पेरूही असतो. तिघांचाही माल शून्य शुल्कानं येतो. चिलीचा करार २००३ पासून, पेरूचा २०१३ पासून, दक्षिण आफ्रिकेचा आताचा करार २०१६ पासून. बंदरात उतरलेल्या मालाचा भाव समजा किलोला दोन युरो धरला, तर ८ टक्क्यांचे सोळा सेंट होतात. सुपरमार्केटचा खरेदीदार एकेका सेंटावर घासाघीस करतो. ते सोळा सेंट आपला निर्यातदार कुठून भरून काढतो? शेतकऱ्याच्या दरातून.

२०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातला रस्ता धोक्याचा झाला, आणि आपली जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून येऊ लागली. दोन आठवड्यांच्या आसपास जास्त प्रवास. केपटाऊनच्या मालाला हा वळसाच नाही. म्हणजे आपल्याला शुल्क जास्त, भाडं जास्त, आणि पेटी उघडल्यावर देठ वाळलेला. शुल्क हा एकच भाग सरकारच्या हातात आहे, तो सोडवायलाच हवा.

पेरूची गोष्ट बघा. किनाऱ्यावरच्या इका भागात जवळजवळ वाळवंट आहे. तिथे ठिबकवर द्राक्षं, शतावरी, ब्लूबेरी उभी केली. अमेरिकेशी २००९ ला आणि युरोपशी २०१३ ला करार लागू झाला, आणि काही वर्षांत तो देश ब्लूबेरीच्या निर्यातीत जगात पहिला आला. करार नसता तर एवढं भांडवल कुणी वाळूत ओतलं नसतं. आता त्याच इकामध्ये भूजल खोल खोल गेलंय आणि छोट्या शेतकऱ्याच्या विहिरी आटल्यात, हेही खरं.

---

सोळा_आणे | १२ ऑक्टोबर

सोळा सेंट कमी झाले तर ते शेतकऱ्याकडे येतील हे कशावरून? मध्ये निर्यातदार, आयातदार आणि सुपरमार्केट तिघे उभे आहेत.

---

रॉटरडॅमकर | १२ ऑक्टोबर

बरोबर शंका. ज्याच्याकडे पर्याय जास्त त्याच्या खिशात जातात. एकटा शेतकरी असेल तर त्याला थोडे मिळतील, बांधावर आलेल्या व्यापाऱ्याला माल दिला तर जवळजवळ काहीच नाही. शेतकऱ्यांची स्वतःची कंपनी असेल, पॅकहाऊस आणि शीतगृह स्वतःचं असेल, तर बोलता येतं. दिंडोरी तालुक्यात मोहाडीला सह्याद्री फार्म्सनं हेच करून दाखवलंय.

---

देवगडचो_आंबो | १३ ऑक्टोबर

निफाडकरांच्या बाजूनं माझं मत.

१ मे २०१४ ला युरोपियन युनियननं भारतीय आंब्यावर बंदी घातली. सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळूही. कारण फळमाशी आणि इतर किडी. आदल्या वर्षी किडी सापडलेल्या २०७ खेपा त्यांनी मोजून दाखवल्या होत्या. ऐन हंगामात, हापूसच्या पेट्या भरलेल्या असताना. तेव्हा शुल्कावरून काहीही भांडण नव्हतं. आंब्यावरची बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली, तीही इथल्या पॅकहाऊसची तपासणी कडक केल्यावर आणि उष्णजल प्रक्रियेची सोय झाल्यावर.

अमेरिकेचा अनुभव वेगळा. तिथे १९८९ पासून आपला आंबा बंद होता. २००६ ला राष्ट्राध्यक्ष बुश दिल्लीत आले तेव्हा आंबा आणि मोठ्या मोटरसायकली दोन्हींची वाट मोकळी करायचं ठरलं. २००७ च्या एप्रिलमध्ये पहिला आंबा गेला, तो लासलगावला विकिरण करून, म्हणजे किडींवर किरणांचा मारा करून. ते केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्रानं कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून उभारलेलं! पुढे वाशीलाही सोय झाली. पण अट अशी, की विकिरण होत असताना अमेरिकेच्या कृषी खात्याचा निरीक्षक हजर हवा आणि त्याचा खर्च आपण सोसायचा. यंदाच्या मे महिन्यात विकिरणाच्या कागदपत्रांत त्रुटी निघाल्या म्हणून अमेरिकेत पंधरा खेपा अडवल्या. माल परत न्या नाहीतर नष्ट करा, एवढंच सांगितलं. विमानानं गेलेला आंबा परत आणायला कुणाला परवडतं?

ज्याच्या फळात खोट नाही त्याचा आंबा एका कागदापायी कचऱ्यात गेला. बागायतदार या साखळीत कुठेच नसतो, नुकसानीत मात्र असतो.

---

वहिनी_डोंबिवली | १३ ऑक्टोबर

त्या वर्षी माझ्या लंडनच्या नणंदेनं फोन करून विचारलं होतं, 'आता पडवळाची भाजी पण नाही?' मी म्हटलं, तू सुट्टीत इकडेच ये, आंबाही खा आणि पडवळही. महिनाभर राहिली!

---

कलम_बारा | १३ ऑक्टोबर

व्यापार कायदा हा माझ्या अभ्यासाचा विषय. थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होत आहेत.

जागतिक व्यापार संघटना १९९५ ला सुरू झाली, तेव्हा शेतीच्या कराराबरोबर आरोग्य आणि पीकसंरक्षणाच्या उपायांवरचाही एक करार झाला. तो सांगतो, की प्रत्येक देशाला आपल्या लोकांचं आरोग्य जपायचा हक्क आहे, पण नियमाला शास्त्रीय आधार हवा. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय संस्थेची मर्यादा शक्यतो धरावी, आणि अधिक कडक नियम करायचा तर धोक्याचं मूल्यमापन दाखवावं. दुसऱ्या देशाची पद्धत वेगळी असली तरी तेवढीच सुरक्षित असेल तर ती मान्य करावी, असंही चौथं कलम म्हणतं. कागदावर हे सगळं आपल्या बाजूचं आहे.

प्रत्यक्षात युरोपात ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही त्याला सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम लागू होते. हिशेब करा: एक लाख टन द्राक्षांत एक किलो. आता बासमतीचं उदाहरण घ्या. भाताच्या करपा रोगावरच्या ट्रायसायक्लाझोल या औषधाची मर्यादा २०१७ मध्ये १ मिलिग्रॅमवरून ०.०१ वर आणली, आणि भारतीय बासमतीची युरोपातली जागा पाकिस्ताननं बरीच घेतली. शुल्क दोघांनाही सारखंच होतं.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड. सरकारी मर्यादा पाळली तरी सुपरमार्केट साखळ्यांचे स्वतःचे नियम असतात. काही साखळ्या कायद्यातल्या मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्यावरच थांबतात, आणि एकूण किती रसायनांचे अंश चालतील तेही मोजतात. ग्लोबलगॅप, म्हणजे चांगल्या शेतीपद्धतीचा खाजगी दाखला, हा कायदा नाही, पण तो नसेल तर माल कपाटावर लागत नाही. करार सरकारांना बांधतात, दुकानदाराला नाही. कॅरिबियनमधल्या सेंट व्हिन्सेंट या छोट्या देशानं २००५ मध्ये केळीच्या निमित्तानं हा प्रश्न जागतिक व्यापार संघटनेच्या समितीत मांडला. वीस वर्षं झाली, ठोस तोडगा नाही.

म्हणून निफाडकरांना माझं उत्तर: करारात शुल्काइतकाच जोर समान मान्यतेच्या कलमावर द्यायला हवा. आपल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा दाखला तिकडे पुन्हा तपासणी न करता चालला, तर तो ८ टक्क्यांहून मोठा फायदा आहे.

---

आकडेमोड | १३ ऑक्टोबर

मर्यादा म्हणजे श्रीमंत देशांचा डाव, असं चित्र उभं राहतंय. सावकाश घ्या. २००१ साली जागतिक बँकेच्या काही अर्थतज्ज्ञांनी अंदाज मांडला होता, की अफ्लाटॉक्सिनच्या (बुरशीतून दाण्यात उतरणाऱ्या विषाच्या) कडक युरोपीय मर्यादेमुळे आफ्रिकेची धान्य, सुकामेवा आणि भुईमुगाची निर्यात ६७ कोटी डॉलरनं घटेल आणि त्या बदल्यात युरोपात वर्षाला अब्जामागे जेमतेम दीड मृत्यू टळेल. हा आकडा जगभर फिरला. नंतरच्या अभ्यासांत, प्रत्यक्ष व्यापार तपासल्यावर, आफ्रिकेच्या भुईमुगावर तेवढा परिणाम दिसला नाही. अडचण मुळात पिकवण्या-साठवण्यातच जास्त होती.

आणि अफ्लाटॉक्सिन आपल्यालाही मारतं. बाहेर पाठवायचा भुईमूग तपासायचा आणि घरच्या पोरांना न तपासलेला घालायचा, हे मला सहन होत नाही. मर्यादा कडक असणं हा अन्याय नाही. ती पाळायला लागणारी प्रयोगशाळा आणि सल्ला छोट्या शेतकऱ्याच्या आवाक्यात नसणं, हा अन्याय आहे.

---

द्राक्षवेल_निफाड | १३ ऑक्टोबर

आकडेमोड, शेवटच्या दोन वाक्यांवर सही करतो. २०१० नंतर यादीत रसायनं वाढली, ग्रेपनेट या निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणाऱ्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर प्लॉटची नोंद, फवारणीची वही, काढणीआधी नमुना हे सगळं पक्कं बसलं, आणि त्याचा फायदा लोकल बाजारात द्राक्षं खाणाऱ्यालाही झाला. माझी तक्रार मर्यादेबद्दल नाही. मर्यादा हंगामाच्या मधेच बदलते आणि ती शेतकऱ्याला जहाज निघाल्यावर कळते, ही आहे.

---

लासलगाव_लिलाव | १४ ऑक्टोबर

सगळे परदेशाकडे बोट दाखवतायत. आमच्या कांद्याचं कुणाला सांगू?

१९ ऑगस्ट २०२३: निर्यातीवर ४० टक्के शुल्क, आपल्याच सरकारचं. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य. ८ डिसेंबरला निर्यात पूर्ण बंद. ४ मे २०२४ ला उघडली, तीही ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. सप्टेंबरमध्ये किमान मूल्य काढलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं. ते शून्य झालं १ एप्रिल २०२५ ला. दीड वर्षाहून जास्त काळ कोलंबो, क्वालालंपूर, दुबईच्या व्यापाऱ्यांना कळत नव्हतं, की भारताचा कांदा येणार की नाही. त्यांनी पाकिस्तान, चीन, इजिप्तकडून घेतला. एकदा दुसऱ्याशी व्यवहार बसला की तो गिऱ्हाईक आपल्या वजनकाट्यावर परत येत नाही.

संयुक्त अरब अमिरातीशी आपला करार १ मे २०२२ पासून लागू आहे. करार असूनही कांदा बंद. मग करारानं बांधलं कुणाला?

---

कलम_बारा | १४ ऑक्टोबर

याचं उत्तर माझ्या नावातच आहे. शेती कराराचं बारावं कलम निर्यातबंदीबद्दल आहे. बंदी घालणाऱ्यानं आयात करणाऱ्या देशांच्या अन्नसुरक्षेचा विचार करावा आणि आधी सूचना द्यावी, एवढंच ते सांगतं, आणि विकसनशील देशांना त्यातही सूट आहे, तो देश त्या मालाचा निव्वळ निर्यातदार नसेल तर. अन्नटंचाई टाळायला तात्पुरती बंदी जागतिक व्यापार संघटनेआधीच्या जुन्या गॅट करारापासून मान्यच आहे. आयात शुल्कावर तीस वर्षं नियम घट्ट होत गेले, निर्यातबंदीवर जवळपास नाहीच. विकणाऱ्या शेतकऱ्याचं नुकसान आणि विकत घेणाऱ्या गरीब देशाचं नुकसान, दोन्ही या एका भोकातून होतं. जुलै २०२३ ला आपण बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली तेव्हा पश्चिम आफ्रिकेतल्या बाजारांत त्याचा चटका बसला.

---

सोळा_आणे | १४ ऑक्टोबर

पण लासलगावकर, शहरात कांदा ऐंशी रुपये झाला की ताटातून तो पहिला जातो तो गरिबाच्याच. सरकारनं काय करायचं?

---

लासलगाव_लिलाव | १४ ऑक्टोबर

कांदा साठवायच्या चाळी बांधायला पैसे द्यायचे, साठवण सुधारायची, आणि बफर साठा शेतकऱ्याकडून बऱ्या भावानं घ्यायचा. बंदी हा सर्वांत स्वस्त उपाय वाटतो, कारण त्याचं बिल आम्ही भरतो. भाव पाच रुपयांवर येतो तेव्हा आयातबंदी, निर्यातबंदी कुठलीच बातमी नसते.

---

वरुडची_संत्री | १४ ऑक्टोबर

विदर्भाचं कोणीच बोलून नाही राहिलं, म्हणून लिहितो.

नागपुरी संत्र्याचा मोठा गिऱ्हाईक बांगलादेश. युरोप नाही, अमेरिका नाही. २०१९ ला त्यांनी आयात शुल्क किलोला २० टका ठेवलं. दरवर्षी वाढवत २०२३ ला ८८ टका केलं. वरुड-मोर्शीच्या बाजारातून ट्रक निघणं कमी झालं आणि माल देशातच अंगावर पडला. काही बागा तोडल्या लोकांनी.

आता गंमत पाहा. दोन्ही देश दक्षिण आशियाच्या मुक्त व्यापार करारात आहेत, तो २००६ पासून आहे. पण प्रत्येक देशाला संवेदनशील मालाची यादी बाजूला काढून ठेवता येते. तिथंच संत्रा अडकला भाऊ. करार आहे, नाव मुक्त व्यापार आहे, आणि आमचा माल त्याच्या बाहेर. ब्रिटनच्या करारानं मला काय फरक पडते? आमचं फळ बियांचं, साल सैल, जहाजाचा महिना त्याला झेपत नाही. आम्हाला शेजारीच पाहिजे.

---

गोंयकार_काजू | १५ ऑक्टोबर

आता उलटी बाजू. या धाग्यात भारत सगळीकडे विकणारा आणि दुसरे अडवणारे दिसतात. काजूत आपण त्या दुसऱ्या खुर्चीत बसतो.

गोवा, सिंधुदुर्ग, कोल्हापूरच्या कारखान्यांना इथली काजू बी पुरत नाही. आयव्हरी कोस्ट, बेनिन, टांझानियाहून कच्ची बी येते. कच्च्या बीवर आपलं शुल्क अगदी थोडं, अतिगरीब देशांतून आली तर तेही नाही. पण त्यांनी तिथेच फोडून, सोलून गर पाठवला तर? २०१९ च्या अर्थसंकल्पात काजूगरावरचं शुल्क ७० टक्के केलं. म्हणजे आम्ही त्यांना सांगतो, बी द्या, रोजगार आमच्याकडे राहू द्या. माझ्या घरात दोन पिढ्या याच धंद्यावर जेवल्या, म्हणून मी ते शुल्क उठवा असं म्हणणार नाही. पण बेनिननं एप्रिल २०२४ पासून कच्च्या काजूची निर्यात बंद केली तेव्हा त्यांचा हेतू मला पुरता कळला.

युरोप त्यांच्याशी हेच करत आलाय. कच्च्या कॉफीच्या बियांवर शून्य, भाजलेल्या कॉफीवर ७.५ टक्के. कोकोच्या बियांवर शून्य, लोणी-भुकटीवर शुल्क, चॉकलेटवर त्याहून जास्त. घाना आणि आयव्हरी कोस्टनं वेगळे करार केले तेव्हा त्यांना यातून सूट मिळाली. तरी जगातला निम्म्याहून जास्त कोको पिकवणारे हे दोन देश चॉकलेटच्या धंद्यात अजून कडेलाच आहेत.

---

बेदाणा_तासगाव | १५ ऑक्टोबर

गोंयकार बाब, एकदम मुद्द्याचं. आमच्याकडे निर्यातीतून मागे राहिलेल्या मालाचा बेदाणा होतो, रत्नागिरीत आंब्याचा पल्प होतो. करार वाचताना ताज्या फळाच्या ओळीबरोबर प्रक्रिया केलेल्या मालाची ओळही बघा. फळ दोन आठवड्यांत नासतं, बेदाणा शीतगृहात वर्षभर थांबतो. ज्याला थांबता येतं तोच भाव बोलू शकतो. ब्रिटनच्या करारात शेती आणि प्रक्रिया अन्नाच्या ९५ टक्क्यांहून जास्त ओळींवर शुल्क जाणार असं सरकारनं सांगितलंय. खरा उपयोग इथे होईल असं मला वाटतं.

---

दुधाची_गाडी | १५ ऑक्टोबर

आणि बदल्यात काय दिलं? कोल्हापूर-सांगलीत घराघरात दोन-तीन जनावरं आहेत. चीज आणि दूध पावडर शून्य शुल्कानं आली तर?

---

कलम_बारा | १५ ऑक्टोबर

ब्रिटनच्या करारात दुग्धजन्य पदार्थ, सफरचंद, ओट्स आणि खाद्यतेल सवलतीबाहेर ठेवले आहेत. स्वित्झर्लंड-नॉर्वेच्या करारातही दूध बाहेरच आहे. युरोपियन युनियनशी बोलणी चालू असताना यावर लक्ष ठेवणं योग्यच. तुमची भीती अनाठायी नाही.

---

नैरोबीची_मावशी | १६ ऑक्टोबर

माझी कितीतरी वर्षं केनियात गेली, म्हणून तिथलं सांगते.

नैवाशा तळ्याकाठची गुलाबाची हरितगृहं आणि माउंट केनियाच्या उतारावरची फरसबी, दोन्ही युरोपच्या सुपरमार्केटसाठी. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये युरोपशी नव्या करारावर वेळेत सही झाली नाही, आणि जुनी सवलत १ तारखेला संपली. फुलांवर ८.५ टक्के शुल्क लागलं, ते थेट डिसेंबरच्या नाताळापर्यंत. विमानतळावर पाहत होते, त्या काळात लोकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. म्हणून रॉटरडॅमकरांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. शुल्क अचानक लागलं की थेट मजुरांची कपात होते, आणि तिथे मजूर म्हणजे बहुतेक बायका.

पण खरी गाठ पुढे आहे. टांझानिया आणि युगांडा अतिगरीब गटात, त्यांना २००१ पासून युरोप शस्त्रं सोडून सगळं बिनशुल्क घेतो. त्यांना करार करायची घाई नव्हती. केनिया त्या गटात नाही, म्हणून त्याला हवा होता. एकाच बाजारसंघातले शेजारी, आणि गरज वेगळी. शेवटी केनियानं एकट्यानं केला, तो १ जुलै २०२४ ला लागू झाला. श्रीमंत गटाशी गरीब देश वेगवेगळे बोलायला बसले की असं होतं.

आणि फरसबीचं: अवशेष सापडायला लागले तशी युरोपनं केनियाच्या फरसबीची तपासणी वाढवली. मोठ्या कंपन्यांनी छोट्या शेतकऱ्यांकडून घेणं सोडलं आणि स्वतःचे मळे धरले, कारण शंभर वह्या तपासण्यापेक्षा एक मळा तपासणं सोपं. आकड्यांत निर्यात टिकलेली दिसते. पण पाव एकरवाली बाई त्या साखळीतून बाहेर गेली, आणि ते कुठल्याच आकड्यात दिसत नाही. करारानं फायदा झाला की नाही हे विचारताना 'कुणाचा' तेवढं जरूर विचारा.

---

सोळा_आणे | १६ ऑक्टोबर

मावशी, हा प्रतिसाद जपून ठेवतोय.

---

रॉटरडॅमकर | १६ ऑक्टोबर

निफाडकरांनी सुरुवातीला वाणांच्या हक्कांचा उल्लेख केला होता, तो सगळे विसरले. इथल्या कपाटावर थॉमसन या जुन्या वाणाची जागा कमी होत चाललीय. मागणी नव्या, पेटंट असलेल्या वाणांची: मोठा मणी, कडक साल, लांब प्रवासाला टिकाऊ. पेरू आणि दक्षिण आफ्रिकेनं बागाच्या बागा बदलल्या. आपल्याकडे त्यातली 'अर्रा' नावाची वाणं आली, पण बाकीचे बरेच पैदासकार आपल्याला वाण द्यायला कचरतात.

---

द्राक्षवेल_निफाड | १६ ऑक्टोबर

मुद्दाम थांबलो होतो, सगळ्यांचं वाचून लिहावं म्हणून.

वाणांबद्दल आधी. आपला २००१ चा कायदा पैदासकाराला हक्क देतो आणि शेतकऱ्याला बी जपायचा, पेरायचा, देवाणघेवाणीचाही हक्क देतो. तसा कायदा जगात फार थोड्या देशांनी केलाय. पैदासकारांचे हक्क जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय वाणसंघाचे (युपोव्ह) आपण सदस्य नाही, आणि श्रीमंत देशांशी बोलणी होतात तेव्हा त्या संघात सामील व्हायची अट हळूच पुढे येते. मला नवं वाण हवंय, खरंच हवंय, डावणी-भुरीला तोंड देणारं आणि पावसात मणी न तडकणारं. रॉयल्टी द्यायची तयारी आहे. पण त्यासाठी ज्वारी-भाताच्या शेतकऱ्याचा बियाण्याचा हक्क गहाण पडत असेल तर मला तो सौदा नको. द्राक्षापुरता वेगळा परवाना करार करता येतो, बरेच जण करतातच.

रॉटरडॅमकर, शुल्काबद्दल तुमचं मान्य. केनियाचं वाचून तर जास्तच. पण क्रम माझा तोच राहील. शुल्क हटवा, आणि त्याच करारात तीन गोष्टी लिहून घ्या: मर्यादा बदलणार असेल तर एक पूर्ण हंगाम आधी कळवायचं, आपल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा दाखला चालवून घ्यायचा, आणि खेप अडकली तर ठरलेल्या दिवसांत उत्तर द्यायचं. देवगडकरांच्या आंब्याला तिसरी गोष्ट असती तर निदान कागद दुरुस्त करायला वेळ मिळाला असता.

लासलगावकर, तुमच्यासाठी चौथी, आपल्याच सरकारकडे: ज्या देशाशी करार केलाय त्याला जाणारा माल रातोरात बंद करायचा नाही. वरुडकर, तुमचं दुखणं सर्वांत खरं आहे आणि त्यावर सर्वांत कमी बोललं जातं. ढाक्याशी बोलणी करायला लंडनइतकी माणसं लावली पाहिजेत.

आमच्या भागातल्या बागाईतदारांच्या बैठकीत हे लेखी मांडणार आहे. मसुदा इथे टाकला तर कलम_बारा, तुम्ही भाषा तपासून द्याल का?

---

कलम_बारा | १६ ऑक्टोबर

आनंदानं. एकच सूचना. 'एक हंगाम आधी' याऐवजी महिन्यांत लिहा. वाटाघाटीत हंगाम प्रत्येकाचा वेगळा निघतो. द्राक्षाला तुमच्या दृष्टीनं खरड छाटणीच्या आधी कळणं गरजेचं, म्हणजे काढणीआधी किमान दहा-अकरा महिने. आणि देवगड, वरुड, लासलगाव, तासगाव, सगळ्यांचे मुद्दे एकाच निवेदनात घ्या. एका पिकाचं पत्र फायलीत जातं.

---

पहिलीच_बाग | १६ ऑक्टोबर

इतकी चर्चा वाचून विचारायला संकोच वाटतोय. दीड एकर थॉमसन आहे, यंदा पहिल्यांदा निर्यातीला द्यायचा विचार आहे. सुरुवात कुठून करू?

---

द्राक्षवेल_निफाड | १६ ऑक्टोबर

संकोच कसला, धागा त्यासाठीच आहे. उद्याच तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जाऊन ग्रेपनेटवर प्लॉटची नोंदणी करून टाका, मुदत उलटली की त्या हंगामापुरतं दार बंद. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची शिफारस केलेल्या रसायनांची यंदाची यादी घ्या, गेल्या वर्षीची चालणार नाही. फवारणीची वही आजपासून लिहा, औषधाचं नाव, मात्रा, तारीख. दुकानदारानं दिलेली कुठलीही 'टॉनिक'ची बाटली, जिच्यावर घटक लिहिलेले नाहीत, ती बागेत नेऊ नका. निर्यातदाराशी दर आणि माल नाकारला गेला तर काय, हे दोन्ही लिहून घ्या. आणि तुमचं गाव कुठलं ते कळवा, जवळपास कुणी जुना निर्यातवाला असेल तर गाठ घालून देतो.